सचिवांच्या खासगी मेलमध्ये राहिलेलं सोसायटीचं दप्तर : एक प्रकरण अभ्यास

पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरातली तीन इमारतींची, ८४ सदनिकांची सोसायटी. १४ जून २०१८ पासून ताबे मिळायला लागले, वर्षअखेरीस सोसायटीची नोंदणी झाली. पहिली कमिटी पाच वर्षांची मुदत पुरी करून डिसेंबर २०२३ मध्ये उतरली आणि नवी आली. माजी सचिव बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे चार्ज देण्यात कसलीही कसूर नव्हती. आय रजिस्टर, जे रजिस्टर (सभासदांच्या नोंदवह्या), इतिवृत्ताच्या वह्या, शेअर सर्टिफिकेटांची बुकं, पासबुकं, शिक्के, गच्चीच्या आणि मीटर रूमच्या किल्ल्या, सगळं यादीवार दिलं आणि यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. त्या यादीत एक गोष्ट नव्हती आणि ती नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. बिल्डरशी पाच वर्षं झालेला सगळा पत्रव्यवहार सचिवांच्या स्वतःच्या जीमेल खात्यावरून झाला होता. तो तिथेच राहिला, आणि सचिव मुलीकडे न्यू जर्सीला गेले.

असं बहुतेक सोसायट्यांत असतं. पहिल्या सभेत कुणीतरी विचारतं, ‘मेल कुठून करायचा?’ आणि ज्याला टायपिंग येतं तो म्हणतो, ‘माझ्यावरून करतो की.’ पुढे तेच चालू राहतं.

अडचण २०२४ च्या पावसाळ्यात आली. ए इमारतीच्या गच्चीतून आणि बी इमारतीच्या टाकीखालच्या स्लॅबमधून पाणी झिरपत होतं, वरच्या मजल्यांवर छताचे पोपडे पडत होते. नव्या कमिटीने वकिलांमार्फत नोटीस दिली. बिल्डरच्या वकिलांचं उत्तर दोन परिच्छेदांचं होतं, आणि त्यात मुद्दा एकच : गळतीची पहिली लेखी तक्रार आमच्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये आली, तेव्हा पाच वर्षं उलटून गेली होती, सबब आमची जबाबदारी नाही.

हा पाच वर्षांचा आकडा रेरा कायद्याच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १४(३) मधला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे गळती आहे की नाही, किती आहे, हे सगळं नंतरचं. आधी प्रश्न असा की तुम्ही कळवलंत कधी, आणि ते दाखवता येतंय का.

माजी सचिवांनी कळवलं होतं. २०१९ च्या जुलैपासून कळवत होते. हे अर्ध्या सोसायटीला माहीत होतं. दाखवायला मात्र कमिटीकडे कागदाचा कपटा नव्हता.

पहिली झिप फाइल

अध्यक्षबाईंनी न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लावला. काकांचा स्वभाव मदतीचा. ते म्हणाले, ‘मॅडम, पासवर्डच सांगतो, लिहून घ्या. तुमचं तुम्ही शोधा.’

खजिनदार शेजारीच होते. ‘काका, पासवर्ड नको. तुमचे बँकेचे, पेन्शनचे मेल त्यातच आहेत. उद्या काही झालं तर तुम्हालाही त्रास, आम्हालाही. तुम्हीच काढून पाठवा.’

हा नकार पुढे फार उपयोगी पडला. तो कसा, ते खाली येईल.

काकांनी दोन दिवस खपून मेल उघडले, एकेक प्रिंटला दिला, प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडलं आणि सगळ्यांची झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवली. कमिटीत आनंदीआनंद झाला. कागद लावायला म्हणून ती झिप माझ्याकडे आली. उघडल्यावर दिसलं ते असं.

फाइलींची नावं : ‘जीमेल - सोसायटी मॅटर्स’, ‘जीमेल - सोसायटी मॅटर्स (१)’, ‘(२)’, ‘(३)’, असं थेट विशीच्या पुढे. ब्राउझर पीडीएफला मेलच्या विषयाचं नाव देतो, आणि काकांनी पाच वर्षं एकच विषय चालवला होता. लिफ्ट बंद, पार्किंगचे पट्टे, गळती, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं), सगळं ‘सोसायटी मॅटर्स’. जीमेल एका विषयाची उत्तरं एका साखळीत ओवतं, त्यामुळे एका पीडीएफमध्ये तीन पानं लिफ्टची, मध्येच सहा ओळी गळतीच्या, मग पुन्हा लिफ्ट.

त्या सहा ओळींखाली बिल्डरच्या माणसाचं उत्तर असायला हवं होतं. तिथे चौकटी कंसात इंग्रजीत एवढंच छापलेलं : आधीचा मजकूर लपवला आहे. अख्खी साखळी एकदम प्रिंट केली की जीमेल जागा वाचवायला अवतरणातला मजकूर गाळतं. वाचणाऱ्याला बरं, पण कुणी कशाला ‘होय’ म्हटलं हेच दाखवायचं असेल तर नेमकं तेच गायब. प्रत्येक मेलच्या उजव्या अंगाला तीन ठिपके असतात, त्यातलं प्रिंट वापरलं तर त्या एकाच मेलची पीडीएफ होते. वरच्या कोपऱ्यातलं प्रिंटरचं चित्र दाबलं तर साखळी येते. काकांनी सगळीकडे वरचं चित्र दाबलं होतं. ते मोठं आणि समोर असतं.

मग जोडपत्रं. पीडीएफच्या तळाशी फोटोंची नावं आणि आकार छापून आले होते, फोटो नव्हते. हे पुष्कळांना उशिरा कळतं : मेलची पीडीएफ केली म्हणजे त्याला जोडलेल्या फाइली आत येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट, तारीख. बी इमारतीच्या टाकीबद्दलचा पहिला मेल काकांनी १४ जून २०२३ ला सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी पाठवला होता. म्हणजे पाच वर्षांच्या अगदी उंबरठ्यावर. पीडीएफवर छापून आलं होतं : १३ जून, रात्री ११ वाजून ४२ मिनिटं. काकांनी प्रिंट काढली मुलीच्या लॅपटॉपवर, त्याचं घड्याळ न्यू जर्सीचं. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, आणि जीमेल मेलची वेळ दाखवतं ती समोरच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाप्रमाणे. (पानाचा आकारही ए-फोर नव्हता, अमेरिकी लेटर होता. त्याने काही बिघडत नाही, पण ही पीडीएफ कुठे तयार झाली ते त्यावरून कळतं.)

कमिटीत एक-दोघांचं मत पडलं की १३ तारीख तर आपल्याच फायद्याची आहे, राहू दे. वकिलांनी ते तिथल्या तिथे खोडलं. तोच मेल बिल्डरच्या खात्यातही आहे, आणि तिथे तो १४ तारखेचाच आहे. एका कागदाची तारीख खोटी ठरली की उरलेल्या सगळ्या कागदांकडेही संशयाने बघितलं जातं. शिवाय त्यांच्या मते १४ तारीखही मुदतीतच बसते, कारण ‘पासून’ मोजताना पहिला दिवस धरायचा नसतो. आणि बी इमारतीतले बरेचसे ताबे १४ जूननंतरचेच होते. खरी तारीख पुरेशी होती.

शोधताना शब्द सोडून दिले

ठरलं असं की काकांनी पुन्हा काढायचं, पण आधी काय काय आहे ते नीट हुडकायचं. काकांनी शोधपट्टीत ‘लीकेज’ टाइप करून जे आलं तेच पाठवलं होतं. जीमेलचा शोध अख्खा शब्द पाहतो. अर्धवट किंवा चुकलेला शब्द त्याला सापडेलच असं नाही. आणि पाच वर्षांत ही गळती किती नावांनी लिहिली गेली होती! लीकेज, सीपेज, वॉटरप्रूफिंग इश्यू, देवनागरीत गळती, रोमन लिपीत गळती, ‘टेरेस प्रॉब्लेम’, ‘डॅम्पनेस इन मास्टर बेडरूम’. एका मेलमध्ये नुसतं ‘सेम इश्यू ॲज लास्ट इयर’.

म्हणून शब्दांचा नाद सोडला आणि माणसं व तारखा धरल्या. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर टिचकी मारली की पाठवणारा, घेणारा, कालावधी, जोडपत्र आहे की नाही, असे रकाने येतात. बिल्डरच्या कंपनीच्या मेल पत्त्याचा ‘ॲट’च्या पुढचा भाग आधी पाठवणाऱ्याच्या रकान्यात, मग घेणाऱ्याच्या रकान्यात घालून २०१८ ते २०२३ अशी मुदत दिली. तीनशेच्या आसपास मेल आले. ते एकेक वाचून गळतीचे ६१ निघाले. त्यांना एक लेबल लावलं.

ह्यात साइट इंजिनिअर सुटला होता. तो कंपनीच्या पत्त्यावरून नव्हे, स्वतःच्या फुकट खात्यावरून लिहायचा. हे एका जुन्या मेलच्या ‘सीसी’मध्ये दिसलं. त्याच्या नावाने पुन्हा शोधल्यावर आणखी नऊ सापडले, आणि सगळ्यात मोलाचा मेल त्यातच होता. १० जुलै २०१९ चा, दोन ओळींचा : तक्रार नोंदवली आहे, वॉटरप्रूफिंगवाल्याला घेऊन या आठवड्यात येतो.

आपण पाठवलेला मेल ‘पाठवला’ एवढंच सांगतो. समोरच्याचं उत्तर ‘मिळाला’ हे सांगतं. गळतीच्या सत्तर मेलपैकी पन्नासहून जास्त काकांचे होते, कळकळीने लिहिलेले, फोटोंसह. वकिलांनी ते बाजूला सारले आणि बिल्डरकडून आलेले सतराच आधी मागितले.

फोटोंचं मात्र दुखणं निघालं. जीमेलमध्ये जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी. त्याहून मोठं काही जोडलं की फाइल ड्राइव्हवर चढते आणि मेलमध्ये फक्त तिची लिंक जाते. २०१९ आणि २०२० चे फोटो असेच लिंकने गेले होते. पुढे काकांचं खातं भरलं. जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो मिळून १५ जीबी फुकट. १ जून २०२१ पासून गूगलने नव्या फोटोंचाही आकार त्यात मोजायला सुरुवात केली. काकांनी जागा करायला ड्राइव्हवरच्या मोठ्या फाइली उडवल्या. मेल जागच्या जागी, लिंका जागच्या जागी, पलीकडे काही नाही. कचरापेटीत फाइल तीसच दिवस राहते. नशिबाने ते फोटो मुळात वरच्या मजल्यावरच्या एका सभासदाने काढलेले होते आणि त्याने आपल्या जुन्या फोनमधले मूळ फोटो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते, त्यामुळे काढल्याची तारीख फाइलीत शाबूत होती. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतींमधून ती निघून गेलेली असते.

झेरॉक्स आणि अस्सल

इथे वकिलांनी जे समजावलं ते या प्रकरणाचं सार आहे. मेलची पीडीएफ ही झेरॉक्स आहे. वाचायला, जोडायला, पोर्टलवर चढवायला उत्तम. पण पीडीएफ कुणीही बनवू शकतो, तारीखसुद्धा हवी ती घालू शकतो. समोरच्याने ‘हा मेल आमचा नाहीच’ म्हटलं, तर दाखवायला अस्सल लागतो.

मेलचा अस्सल म्हणजे काय? जीमेलमध्ये तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ असतं. ते उघडलं की मेलच्या डोक्यावरचा सगळा प्रवास दिसतो : कुठल्या सर्व्हरवरून निघाला, किती वाजता कुठे पोचला, प्रत्येक वेळेपुढे तिथल्या घड्याळाचा फरक. काकांच्या मेलवर भारतीय वेळेचा अधिक ०५३० स्पष्ट होता. बिल्डरच्या उत्तरांवर गूगलच्या सर्व्हरचे जे शिक्के होते ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेचे. पाहणाऱ्याने गोंधळू नये म्हणून भारत, न्यू जर्सी आणि पश्चिम किनारा अशा तिन्ही वेळा एका तक्त्यात लावून घेतल्या. त्याच पानावर वर डीकेआयएम नावाची ओळ असते. पाठवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर मेलवर एक डिजिटल सही करतो. मेल पोचला तेव्हा जीमेलने ती तपासून ‘पास’ लिहिलेलं असतं. बिल्डरच्या पत्त्यावरून आलेल्या मेलांवर ती कंपनीच्या नावाने पास होती. साइट इंजिनिअरच्या फुकट खात्यावरच्या मेलांवर ती फक्त ‘मेल जीमेलवरून आला’ एवढंच सांगते, तो माणूस कोण हे सांगत नाही. तिथे जोड म्हणून बिल्डरचाच एक मेल कामी आला, ज्यात त्या पत्त्याला ‘सीसी’ होतं.

त्याच पानावर ‘डाउनलोड ओरिजिनल’ केलं की ईएमएल फाइल मिळते. तिच्यात हे सगळं मथळ्यासकट, जोडपत्रांसकट येतं. एकेक काढायचं नसेल तर गूगल टेकआउटमधून एखादंच लेबल निवडून उतरवता येतं. ते एमबॉक्स नावाच्या एका मोठ्या फाइलीत येतं आणि थंडरबर्डसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडतं. काकांनी गळतीचं लेबल तसं उतरवलं. बाकीचं खातं कुणी पाहिलं नाही.

तक्रार जायची होती ते रेरा प्राधिकरण पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतकं काटेकोर नसतं, आणि त्यावरच्या अपील न्यायाधिकरणाला तर पुराव्याचा कायदा बांधील नाही असं रेरातच लिहिलं आहे. मग एवढा खटाटोप कशाला, असं कमिटीत विचारलं गेलंच. उत्तर असं की प्रकरण तिथेच संपेल याची खात्री कोण देणार? आणि मेल काढण्याची संधी आज आहे. दोन वर्षं न वापरलेली खाती बंद करून पुसण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून लागूही केलं. काका खातं वापरतात, पण पुढच्या पाच वर्षांची हमी कुणाच्याच वयात नसते.

कोर्टात जायचं झालं तर अशा डिजिटल प्रतींसोबत, त्या कुठून आणि कशा काढल्या याचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वीच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. सर्वोच्च न्यायालयाने ते १४ जुलै २०२० ला ज्या खटल्यात पक्कं केलं तो आपल्या जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला असा आक्षेप घेत कैलास गोरंट्याल कोर्टात गेले आणि निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाच्या सीडी पुढे आल्या. त्या सीडींना प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार होईनात. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच, ते ज्याने द्यायचं तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवा.

आता खजिनदारांच्या त्या नकाराकडे वळू. प्रमाणपत्र द्यायचं ते यंत्र आणि खातं ज्याच्या ताब्यात आहे त्याने. काकांनी पासवर्ड दिला असता आणि कमिटीतल्या तिघांनी आत शिरून मेल काढले असते, तर खात्याचा ताबा कुणाकडे होता हाच वाद उभा राहिला असता. काकांनी स्वतः लेबल लावलं, स्वतः उतरवलं, स्वतः सही केली. नव्या अधिनियमात प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांचा आहे. पहिला भाग देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि चक्क रंगही विचारला आहे. काकांनी ‘करडा’ लिहिलं. शिवाय फाइलीचा हॅश द्यायचा असतो, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला एक लांब आकडा. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी तो सगळा बदलतो. शा-२५६ पद्धतीचा हॅश ६४ अक्षरांचा. विंडोजमध्ये तो काढायची सोय आधीपासूनच आहे.

पीडीएफ नव्याने केल्या त्या पुण्यात, त्याच उतरवलेल्या मेलांवरून, भारतीय वेळ लावलेल्या लॅपटॉपवर, ए-फोर पानावर, एका मेलची एक. नावं आवक-जावक वहीच्या चालीने : आधी वर्ष, महिना, दिवस, मग आवक की जावक, मग दोन शब्दांत विषय. ‘२०१९-०७-१०_आवक_इंजिनिअर-भेट’. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप तारीखवार लागतात; दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. जोडपत्रांना त्याच नावापुढे ‘जोड-१’, ‘जोड-२’. मराठीत लिहिलेल्या मेलांच्या पीडीएफमध्ये शोधताना वेलांट्या-मात्रा विस्कटतात, त्यामुळे पीडीएफमधल्या शोधावर विसंबलो नाही. एका पानाचा तारीखवार गोषवारा केला आणि तोच प्राधिकरणासमोर पहिल्या पानावर लावला.

भाऊसाहेबांचे सहा गठ्ठे

हे चालू असतानाच कमिटीने सोसायटीच्या नावाचं स्वतंत्र मेल खातं काढलं. तीन महिन्यांत तेही तुंबलं. अध्यक्षबाईंनी पाठवणाऱ्यांप्रमाणे लेबलं केली होती : महावितरण, महापालिका, बँक, लिफ्टवाले, सभासद, बिल्डर, ऑडिटर. लेबलं तीसवर गेली. मेल कुठे आहे ते सापडायचं, पण त्याचं काय करायचं राहिलं आहे ते कळायचं नाही.

कमिटीत एक सदस्य तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. कॉम्प्युटरशी त्यांचं फारसं सख्य नाही. त्यांनी पडद्यावरची लेबलं पाहिली आणि म्हणाले, ‘मॅडम, हे तर कोणाचं टपाल कोणाचं असं लावलंय. आमच्याकडे असं लावलं असतं तर साहेबांनी दप्तर तपासणीत उभं धरलं असतं. सहा गठ्ठे करा.’

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी काम केलं त्यांना सहा गठ्ठा पद्धत सांगायला नको. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या कामाची जी घडी बसवली आणि जी ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली, त्या वेळेपासून तर कागद लावण्याची शिस्त हा कौतुकाचा विषय झाला. टेबलावरचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात जातो : बैठकीवरील प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि नष्ट करायची. कागद कोणाकडून आला याला इथे महत्त्व नाही. त्याचं पुढे काय व्हायचं आहे याला आहे.

तीस लेबलं काढून सहा केली. नावापुढे आकडा घातला म्हणजे क्रम बदलत नाही.

पहिला, बैठकीवरील : ज्यावर आपल्यालाच काही करायचं आहे. हा दर सोमवारी संध्याकाळी सचिव उघडतात. दुसरा, प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण लिहिलं आहे आणि उत्तर यायचं आहे. माझ्या मते सगळी मेख या दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. साध्या इनबॉक्सला हा गठ्ठाच नसतो. आपण उत्तर पाठवलं की मेल खाली बुडतो आणि समोरच्याने महिनाभर काही केलं नाही तरी आपल्याला आठवण करून द्यायला कुणी नसतं. काकांच्या पन्नास मेलांचं हेच झालं होतं. ते लिहायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लिहायचे. आता पाठवलेल्या मेललाही त्याच क्षणी दुसऱ्या गठ्ठ्याचं लेबल लागतं, आणि महिन्याच्या सभेत हा गठ्ठा वाचून दाखवला जातो. ज्याला तीस दिवस झाले त्याला स्मरणपत्र.

तिसऱ्याचं काम फिल्टर करतो : वीजबिल, टँकरची बिलं, लिफ्टच्या देखभालीचे अहवाल, बँकेची विवरणपत्रं इनबॉक्सला न शिवता थेट तिथे जातात. चौथ्यात उपविधी, निबंधक कार्यालयाची परिपत्रकं, विमा पॉलिसी, भोगवटा प्रमाणपत्र. पाचवा म्हणजे संपलेली प्रकरणं. सहावा पुसायचा, पण लगेच नाही. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा झाली, हिशेब मंजूर झाले, की मग अध्यक्ष एक नजर टाकतात आणि पुसतात. भाऊसाहेबांचा आग्रह होता की नष्ट केल्याची नोंद वहीत हवी. खजिनदारांनी डोळे फिरवले, पण वही झाली.

पीडीएफ कधी करायची हेही त्यातूनच ठरलं. प्रत्येक मेलची करत बसलं तर दुसरं तुंबलेलं दप्तर तयार होतं. प्रकरण चौकशी-दुरुस्ती होऊन पाचव्या गठ्ठ्यात गेलं की त्यातल्या महत्त्वाच्या मेलांची पीडीएफ व ईएमएल दोन्ही काढून सोसायटीच्या हार्ड डिस्कवर. अपवाद बिल्डरचा : त्याच्याकडून काहीही आलं की त्याच दिवशी दोन्ही. मेलचा विषय एक मेल एक बाब असा. ‘सोसायटी मॅटर्स’वर बंदी.

खातं पदाच्या नावाने आहे. सचिव आणि खजिनदार यांना जीमेलची ‘डेलिगेट’ची सोय दिली आहे, ते मेल वाचतात, लिहितात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत. गूगल जे दहा बॅकअप कोड देतं ते छापून बंद पाकिटात सोसायटीच्या कपाटात आहेत. चार्जच्या यादीत आता शिक्क्यांच्या खाली एक ओळ वाढली आहे : मेल खाते व कोडांचे पाकीट.

सध्या

तक्रार प्राधिकरणापुढे आहे. निकाल लागलेला नाही. गोषवारा आणि साइट इंजिनिअरचा तो दोन ओळींचा मेल गेल्यावर बिल्डरच्या बाजूने ‘कळवलंच नव्हतं’ हा मुद्दा मागे पडला. आता म्हणणं असं आहे की गच्चीवर सभासदांनी सौर पाणीतापक बसवताना वॉटरप्रूफिंग फोडलं. त्यावर स्ट्रक्चरल ऑडिटरचा अहवाल मागवला आहे, आणि सौर पाणीतापक कधी बसले याची बिलं सभासदांच्या मेलांतून शोधणं सुरू आहे. त्यातल्या दोघांना ती सापडत नाहीत.

काकांनी मध्यंतरी विचारलं, आता माझ्याकडचे मेल पुसू का, खातं पुन्हा भरत आलंय. वकिलांनी अपिलाची शेवटची पायरी होईपर्यंत हात लावू नका म्हणून सांगितलं. तेव्हा काकांनी गूगलकडून जास्तीची जागा विकत घेतली आणि त्याचं बिल सोसायटीला पाठवलं. सभेत ते मंजूर झालं. कोणत्या शीर्षाखाली टाकायचं यावर थोडी चर्चा झाली, आणि दुसरं काही बसेना म्हणून खजिनदारांनी ते ‘छपाई व लेखनसामग्री’त टाकलं.